गप्प बसायचं बटण

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे व्हिडिओ गेमबद्दल. पण जे गेम आहेत त्यांच्याबद्दल नाही, त्यांची नावं घरातलं कुठलंही मूल एका दमात सांगेल. मी बोलणार आहे नसलेल्या गेमबद्दल. कुणीतरी करायला हवेत आणि अजून माझ्या हाती आलेले नाहीत, अशा गेमबद्दल.

माझा पहिला गेम कानांचा आहे. पडदा पूर्ण काळा. रात्र झालेली आहे, घर मोठं आणि जुनं आहे, आणि तुम्ही अंथरुणात जागे आहात. जिना वाजतो. कोण चढतंय ते पावलांवरून ओळखायचं. एक जण दोन पायऱ्या एकदम चढतो. एक जण मधल्या वळणावर थांबून श्वास घेतं. एकाची चप्पल घासत येते. रोज रात्री नवी पावलं, आणि एका रात्री त्यातली ओळखीची पावलं येतच नाहीत. ती का आली नाहीत, हे शोधायचं ते नुसत्या आवाजांवरून. दार, नळ, खोकला, कपाटाची कडी. डोळ्यांना काही काम नाही. सगळं कानांनी.

हे होऊ शकतं, श्रोतेहो. झालेलं आहे. केंजी एनो नावाच्या जपानी गेमकारानं १९९७ साली सेगा सॅटर्न या यंत्रासाठी 'रिअल साउंड' नावाचा गेम केला. पडद्यावर चित्र नाही, गोष्ट पूर्ण आवाजातून. त्याचे आधीचे गेम काही अंध माणसं चिकाटीनं, नुसत्या आवाजाच्या आधारानं खेळत होती. ते त्याला कळलं, आणि डोळस आणि अंध अशा दोघांना सारखाच खेळता येईल असा गेम त्यानं केला. वर सेगा कंपनीपुढे अट ठेवली, की १००० सॅटर्न यंत्रं अंध व्यक्तींना द्या. अशी अट घालणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

दुसरा गेम दुरुस्तीचा. एक बंद पडलेला जुना रेडिओ, मागचं झाकण उघडलेलं, आणि हातात एक स्क्रू-ड्रायव्हर. घड्याळ लावलेलं नाही, घाई नाही. तार कुठे सुटली आहे ते शोधायचं, आणि आधी खरखर, मग खरखरीतून एक आवाज. याच्याबद्दल जास्त सांगत नाही. ज्यानं कधी बंद पडलेली वस्तू चालू केली आहे, त्याला तो आवाज आताच ऐकू आला असेल.

इथे एक गोष्ट बोलून घेते. हल्ली पुष्कळ गेममध्ये खेळणाऱ्याच्या डोक्यावर एक चमकता बाण असतो. इकडे जा, हे उचल, आता उडी मार. मला तो बाण मनापासून नको वाटतो. जागा आपली आपण सापडू द्यावी. रस्ता चुकू द्यावा. एखाद्या मुलाला कोडं घालून लगेच उत्तर सांगणारी मोठी माणसं असतात ना, तसा तो बाण असतो. मुलाचा चेहरा पाहा अशा वेळी. पडतो.

ज्या गेमपासून भटकंतीचे गेम सुरू झाले, त्यात बाण नव्हता. चित्रही नव्हतं. अमेरिकेत विल क्राउदर नावाचा एक प्रोग्रामर होता. ज्या अर्पानेटमधून पुढे इंटरनेट उभं राहिलं, त्यावर काम केलेला माणूस. त्याला आणि त्याच्या बायकोला गुहांचं वेड. केंटकी राज्यात मॅमथ केव्ह म्हणून प्रचंड गुहा आहे, तिचे नकाशे काढण्याच्या कामात दोघं होती. गुहेचे दोन मोठे भाग आतून जोडलेले आहेत हे १९७२ साली ज्या तुकडीनं सिद्ध केलं, त्या तुकडीत त्याची बायको पॅट्रिशिया होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. गुहा सुटली, आणि दोन मुली रोज भेटेनाशा झाल्या. तेव्हा, १९७६ च्या सुमाराला, त्या मुलींना खेळता यावा म्हणून त्यानं एक गेम लिहिला. फक्त शब्दांचा. तुम्ही टाइप करायचं, 'उत्तरेला जा', 'दिवा घे', आणि यंत्र सांगणार की आता तुम्ही कुठे आहात. ती गुहा बहुतांशी खरी होती, त्याच्या पायांनी मोजलेली. पुढच्याच वर्षी डॉन वूड्स नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती तो गेम लागला. त्याला त्यात भर घालायची होती, पण कर्त्याचा पत्ता ठाऊक नव्हता. मग त्यानं त्या काळच्या नेटवर्कवर असलेल्या प्रत्येक संगणकावर 'क्राउदर' या नावानं पत्र पाठवलं. आणि एका पत्राला उत्तर आलं.

मला या हकिकतीत दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पायाखालची खरी गुहा, आणि समोर खेळायला बसणाऱ्या दोन मुली. पुन्हा सांगते, पायाखालची गुहा आणि समोरच्या मुली. मला हवा असलेला तिसरा गेम असाच आहे. तो एका आठ वर्षांच्या मुलीनं केलेला मी स्वतः खेळले आहे, आणि आज माइकसमोर बसले आहे ती त्याची गोष्ट सांगायलाच.

ती मुलगी माझी भाची. माझी आई गेल्यावर बाबा बहिणीकडे राहायला गेले, आणि हळूहळू बोलायचे थांबले. आजारी नव्हते. दोन शब्दांत उत्तर द्यायचे आणि खुर्चीत डोळे मिटून बसायचे. मी फोन केला की 'बरा आहे'. जेवलात का, 'हो'. बहीण म्हणायची, अगं, मलाही एवढंच सांगतात.

सुट्टीत मी गेले, तर भाचीनं मला हाताला धरून आत नेलं. "मावशी, बस इथे. मी गेम चालू करते." समोर बुटांचा खोका. खोक्याला चौकोनी खिडकी कापलेली. वर आणि खाली भोकं पाडून दोन पेन्सिली आरपार घातलेल्या, आणि त्या पेन्सिलींवर कागदाची लांब पट्टी गुंडाळलेली. वह्यांची मागची कोरी पानं फाडून, कडेला कड चिकटवून केलेली. वरची पेन्सिल फिरवली की खिडकीतलं चित्र सरकायचं. खोक्यावर बाटल्यांची चार झाकणं चिकटवली होती, ती बटणं. एकावर क, एकावर ख, एकावर ग. चौथ्यावर काहीच नाही. भाची खोक्यामागे बसली. यंत्र ती स्वतः होती. सगळे आवाजही तीच काढणार होती.

पहिलं चित्र आलं. खुर्ची, खुर्चीत आजोबा, चेहऱ्याहून मोठा चष्मा, डोळे मिटलेले. वर लिहिलेलं, 'आजोबांना बोलतं करा.'

खाली तीन ओळी. क, कसे आहात? ख, सायकलची गोष्ट सांगा. ग, टीव्ही लावू का?

मी क दाबलं. पट्टी सरकली. आजोबांच्या तोंडातून फुगा, 'बरा आहे.' खोक्यामागून हरल्याचा आवाज आला, टुं टुं टुं, आणि पट्टी मागे. मी ख दाबलं. फुगा आला, 'नंतर.' टुं टुं टुं. ग दाबलं. आजोबा म्हणाले, 'लाव', आणि पुढच्या चित्रात टीव्ही एवढा मोठा काढलेला, की मागे आजोबा दिसेनात.

"अगं, तिन्ही चूक?" मी म्हटलं.

"बटणं चार आहेत, मावशी."

"याच्यावर तर काही लिहिलेलंच नाही."

"ते गप्प बसायचं बटण आहे. ते दाबलं की गप्प बसायचं."

मी दाबलं. काहीच झालं नाही. थोडं थांबले आणि विचारलं, "चालू आहे ना?"

"बोललीस! आउट!"

पुन्हा दाबलं. या वेळी खरोखर गप्प बसले. खोक्याच्या कडेवरून तिचे ओठ हलताना दिसत होते, ती मनात आकडे मोजत होती. पंख्याचा आवाज येत होता. वीस झाले असतील, तीस झाले असतील. मग पट्टी अगदी थोडी सरकली. चित्र तेच, फक्त आजोबांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचललेला. पुन्हा थांबले. पुन्हा पट्टी सरकली. डोळे उघडलेले. पुन्हा थांबले. आणि मग फुगा आला, 'सायकल माझी नव्हतीच.'

टिंग! पुढची लेव्हल.

इथे गोष्ट जरा थांबवते. हा गेम मला हवा आहे. मोठा, नीट केलेला, खूप माणसं असलेला. प्रत्येकाचं गप्प बसणं वेगळं, प्रत्येकाला बोलतं करायची वाट वेगळी. गुण नकोत. भाचीनंही गुण ठेवले नव्हते, आणि ते मला फार बरोबर वाटलं. दर क्षणाला गुण मोजायची सवय खेळातून काढून टाकायला हवी, शाळेतूनही काढून टाकायला हवी, पण तो विषय आजचा नाही.

मग असे गेम भरपूर का नसतात? बोलणं लिहून ठेवणं फार वाढत जातं. समजा, दर वेळी तुमच्यापुढे तीन प्रश्न आहेत. एक विचारलात की पुन्हा तीन. पहिल्या फेरीला ३ वाटा, दुसऱ्या फेरीला ९, तिसऱ्या फेरीला २७. दहाव्या फेरीला ५९,०४९. परत सांगते, फक्त दहा प्रश्न, आणि वाटा ५९,०४९. एवढं कोण लिहिणार? म्हणून गेम लिहिणारे वाटा मध्येच एकमेकींना जोडून टाकतात, आणि खेळणाऱ्याला कळतं की काहीही विचारलं तरी उत्तर तेच. पण गप्प बसण्याला वाटा फुटत नाहीत. आणि यंत्राला कान कधीचेच आहेत. १९८३ साली जपानमध्ये निन्टेंडो कंपनीचं फॅमिकॉम हे गेम खेळायचं यंत्र आलं, त्याच्या दुसऱ्या कंट्रोलरला मायक्रोफोन होता. १९८६ च्या 'झेल्डा' गेममध्ये त्यात ओरडलं, की मोठ्या कानांचे राक्षस मरायचे. ओरडणं ओळखणारं यंत्र गप्प बसणंही ओळखू शकतं. कुणीतरी ते बटण करा.

तर, दुसरी लेव्हल. तिथलं गुपित वेगळं होतं. 'सायकल कोणाची होती?' असं विचारलं की आजोबांचे डोळे पुन्हा मिटायचे. पण 'सायकल हिरवी होती ना?' असं मुद्दाम चुकीचं विचारलं, की फुगा येणार, 'हिरवी? काळी होती ती!' आणि पुढे अर्धं पान मजकूर. आजोबांना प्रश्न आवडत नाहीत, चूक मात्र सहन होत नाही, हे त्या मुलीनं हेरलं होतं. मी त्यांची मुलगी, मला ते इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं.

तेवढ्यात बाबा दारात येऊन उभे राहिले. टिंग टिंग ऐकून आले असतील. म्हणाले, "मला बघू दे."

मी उठले. बाबा माझ्या जागी बसले, चष्मा लावला, आणि खिडकीतला तो मोठा चष्मा बराच वेळ पाहत राहिले. भाचीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही कोणतं दाबणार?" त्यांनी क, ख, ग वरून बोट फिरवलं आणि कोरं झाकण दाबलं. पहिल्या फटक्यात.

आम्ही तिघंही गप्प. हात उचलला गेला, डोळे उघडले, फुगा आला. बाबांनी मोठ्यानं वाचलं, "सायकल माझी नव्हतीच." पुढच्या चित्रात सायकल होती, तिला मागे कॅरिअर काढलेला.

"हे चूक आहे," बाबा म्हणाले. "कॅरिअर नव्हता."

भाचीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खोक्यामागून विचारलं, "मग आजी कुठे बसली होती?"

"पुढे. दांड्यावर. कॅरिअर असता तर ती दांड्यावर कशाला बसली असती?"

आणि बाबा सांगायला लागले. मित्राकडून तासाभरासाठी मागून आणलेली सायकल, लांब उतार, आणि उताराच्या मधोमध कळलं की ब्रेक लागत नाही. आई म्हणाली, घंटी तरी वाजवा. घंटीही नव्हती. मग दोघंही उतार संपेपर्यंत एका सुरात ओरडत गेली, 'बाजूला व्हा, बाजूला व्हा!' सांगताना बाबांनी हात समोर हँडलसारखे धरले होते. माझी आई दांड्यावर बसून रस्ताभर ओरडत गेली होती, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ती पट्टी आता माझ्याकडे आहे, कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घातलेली. मुलांच्या चित्रांवर तारीख घालून ठेवत जा, श्रोतेहो. चित्र राहतं, पण ते कधीचं हे आठ-दहा वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

भाची खोक्यामागे भराभर लिहीत होती. कॅरिअर खोडला, दांडा काढला, दांड्यावर आजी काढली. उताराला कागद पुरेना. पट्टी संपली. ती उठली, दप्तरातून वही काढली, डिंकाची बाटली आणली, आणि पानं फाडता फाडता म्हणाली,

"आजोबा, जरा थांबा हं. लोड होतंय."

बाबांनी हँडल तसंच धरून ठेवलं, आणि थांबले.