बुंध्याशी सांडलेला भुसा

हा भुसा बघा. मातीच्या अगदी लगत, कुणी करवत चालवावी तसा सांडलेला. वर झाड हिरवंगार आहे, मोहोरही आलाय. पण चंदगड तालुक्यातल्या या बागेचे मालक आधी वर बघतच नाहीत. बुंध्याशी बसतात, पाचोळा हाताने बाजूला सारतात. भुसा आणि डिंक दिसला, की आत रोठा आहे. काजूचा खोडकिडा.

याचा भुंगेरा सालीच्या भेगांत अंडी घालतो, बहुतेक जमिनीपासून मीटरभर उंचीच्या आत. अळी सालीखालचा मऊ भाग खात सरकते. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरतं ते इथूनच. ही वाट चहूबाजूंनी तुटली, की झाड उभ्या उभ्या वाळतं.

आता पटाशीकडे बघा. सुताराचीच पटाशी. साल पोकळ वाजते तिथून सुरुवात. काळी पडलेली, कुजकी साल तेवढी काढायची. जिवंत सालीला धक्का नाही, कारण तिच्याच जोरावर झाड सावरणार आहे. पोखरलेली वाट वळेल तसा हात वळतो. मध्येच ती मुळात उतरते, मग माती उकरावी लागते.

आणि ही अळी. पांढुरकी, बिनपायांची, बोटभर लांब. एका झाडात एकच असेल असं नाही, म्हणून हात थांबत नाही.

औषधाची पाळी यानंतर. क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही, लिटरभर पाण्याला १० मिली. उघडी पडलेली जागा चिंब भिजवायची. हातमोजे आणि मास्क हवेतच. अळी न काढता वरून औषध ओतून भागत नाही, हे आम्हाला ठासून सांगायचं आहे. भुशानं गच्च भरलेल्या पोकळीत ते अळीपर्यंत पोचतच नाही. शेजारच्या निरोगी झाडांच्या बुंध्यांना ५ टक्के निंबोळी तेलाचा हात, मीटरभर उंचीपर्यंत.

महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. बांधावरचं हे झाड त्या योजनेतलं. बुंध्याची निम्म्याहून जास्त साल गेली, पानं पिवळी पडली, की झाड सहसा वाचत नाही. ते मुळासकट काढायचं, नाहीतर पुढचे भुंगेरे त्यातूनच निघतात.

मालकांनी दोर बांधलाय. मुळं मोकळी करायला दोघं जण खाली बसलेत.