डॉक्टर व्हायचंय, मग पदवी कशात?

नमस्कार श्रोतेहो.

मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आली की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. डॉक्टर व्हायचंय, मग कॉलेजात बायॉलॉजीच घ्यायला हवी ना?

घ्यायलाच हवी, असं मुळीच नाही. इथे आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचं एमडी, म्हणजे डॉक्टरकीचा अभ्यासक्रम. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सनं १८९३ साली पदवीची अट घातली आणि मेडिकल कॉलेजांची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानं त्याच कॉलेजाचा कित्ता देशापुढे ठेवला. पण पदवी कोणत्या विषयात असावी, हे मेडिकल कॉलेजं सहसा सांगत नाहीत. त्यांना हवे असतात ठरावीक कोर्स : साधारण वर्षभराची बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, त्यांच्या लॅब, शिवाय बायोकेमिस्ट्री आणि इंग्रजी. कॉलेजागणिक यादी थोडी बदलते. हे कोर्स पुरे करून पदवी इतिहासात घ्या, संगीतात घ्या, चालतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल कॉलेजनं तर १९८७ साली साहित्य-तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी खास प्रवेश योजना सुरू केली.

मग निवड करायची कशावर? पहिली गोष्ट, गुण. आकडाच मांडून पाहू. समजा, एका मुलीचे चार-चार क्रेडिटचे सायन्सचे आठ कोर्स झाले. सातांत ए मिळाला, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत मात्र सी. ए चे चार गुण, सी चे दोन, म्हणून सायन्सचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, झाला ३.७५. तिनं तोच कोर्स पुन्हा केला, या खेपेला ए मिळवला. तरी आकडा सरकतो फक्त ३.७८ पर्यंत, कारण एमडीच्या सामायिक अर्जात जुना सी पुसला जात नाही, दोन्ही गुण मोजले जातात. म्हणून पहिल्याच वर्षी केमिस्ट्री, बायॉलॉजी, कॅल्क्युलस आणि वर कडक मेजरचे, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचे, कोर्स असा भारा डोक्यावर घेऊ नये. बायोमेडिकल इंजिनीअरिंग नावाला भारदस्त वाटतं, पण मनापासून आवडत नसेल तर केवळ अर्जावर उठून दिसेल म्हणून ते घेणं मला घातक वाटतं.

दुसरी गोष्ट, एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा. या परीक्षेचे चार भाग. त्यातला एक निव्वळ वाचनाचा : ९० मिनिटांत ५३ प्रश्न, उतारे कला, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र यांतले. सायन्सचं पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही. २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा भागही आला. भरपूर वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या मुलांना इथे फायदा होतो. आईवडिलांनी हे नीट ऐकावं, कारण 'साहित्य घेऊन काय करणार' हे वाक्य आपल्याच तोंडून निघतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त मुलं एमडीसाठी अर्ज करतात आणि त्यांतल्या निम्म्यांहून अधिक मुलांना त्या वर्षी कुठेच जागा मिळत नाही. ही मुलं कमी हुशार नसतात. अशा वेळी हातात असते ती फक्त पदवी. तिच्यावर नोकरी मिळेल का, पुढे शिकावंसं वाटेल का, हे अठराव्या वर्षीच विचारायला हवं. स्टॅटिस्टिक्स, पब्लिक हेल्थ, कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र किंवा खरंच आवडत असेल तर बायॉलॉजी. मेडिकल हुकलं तरी ज्या विषयात आणखी दोन वर्षं आनंदानं घालवता येतील, तोच मेजर घ्यावा. मुलाखतीत 'हा विषय का निवडलात' असं विचारलं, तर अशा मुलाला उत्तर शोधावं लागत नाही.

एक सूचना कागदपत्रांविषयी. इतर देशातली पदवी असेल तर बरीच कॉलेजं अमेरिकेतल्या कॉलेजात काही कोर्स केलेले मागतात. स्टुडंट व्हिसावरच्या मुलांना तर बहुतेक कॉलेजं प्रवेशच देत नाहीत, तेव्हा फी भरण्याआधी हे पाहून घ्या.

पहिल्या सत्रातच कॉलेजच्या प्री-हेल्थ सल्लागाराची, म्हणजे मेडिकलकडे जाणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करणाऱ्याची, वेळ घ्या. जाताना आपल्या मनातल्या पाच-सहा मेडिकल कॉलेजांच्या कोर्सच्या याद्या बरोबर न्या आणि चारही वर्षांचं वेळापत्रक तिथेच बसून मांडा. तिसऱ्या वर्षानंतर लगेच अर्ज करायचा असेल तर एमकॅट त्याच वर्षाच्या वसंतात द्यावी लागते आणि अर्ज उन्हाळ्याच्या तोंडावर जायला हवा. पदवीनंतर एक-दोन वर्षं काम करून मग अर्ज करणारे आता पुष्कळ आहेत. तुमची मुलगी तसं म्हणाली तर तिला अडवू नका.

नमस्कार.