कितव्या पानावर ‘तू’ म्हणायचं?

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय : ‘किशोरांसाठी प्रेमाची आणि अद्भुताची कादंबरी, सीमाभागात ती कशी लिहावी’. तिथं पोचायचंच आहे. पण वाटेत एक सर्वनाम आडवं येतं, आणि त्याचा निकाल लावल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही. समोर बेळगाव परिसरातल्या कडोली, येळ्ळूर, उचगाव, माचीगडच्या साहित्य संमेलनांच्या मांडवात बसून तयार झालेले कान आहेत, म्हणून हा मुद्दा इथंच मांडायचा.

आपल्याकडची नववी-दहावीची मुलं सध्या जी जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचतात, ती तुम्ही घरात पाहिली असतील. काळं मुखपृष्ठ, त्यावर मुकुट नाहीतर कावळा, आत पहिल्याच पानावर नकाशा. नायिका सोळा-सतरा वर्षांची. ज्याचा तिला सगळ्यात जास्त राग येतो, त्याच्याच प्रेमात ती चारशे पानांत पडते. मुलं याला ‘एनिमीज टू लव्हर्स’ म्हणतात, आणि पुस्तक निवडताना आधी हेच विचारतात. कुणी याला उथळ म्हणेल. मला तसं वाटत नाही. वैराचं प्रेम होताना दाखवणं फार अवघड कारागिरी आहे. एक पायरी चुकली की वाचक म्हणतो, कालपर्यंत भांडत होते, आज एकदम काय झालं?

ही पायरी मोजण्याचं जे माप मराठीकडे आहे, ते इंग्रजीकडे नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. राजालाही तेच, चोरालाही तेच. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. आपल्या घरातच बघा. आईला ‘तू’, बाबांना ‘तुम्ही’. कॉलेजात दोघं एकमेकांना ‘तू’ म्हणत असतात, आणि लग्न झालं की बऱ्याच घरांत तिचं ‘अहो’ सुरू होतं. शेजारी कन्नड घर असेल तर तिथंही ‘नीनु’ आणि ‘नीवु’ आहेतच, आणि ‘बर्री, कुंद्री’ म्हणजे ‘या, बसा’, यातला आदराचा ‘री’ तर आपल्या कानांत लहानपणापासून बसलाय. म्हणजे आपल्या मुलांना हा भेद दोन भाषांतून कळतो. तरी मराठी अनुवाद वाचायला घ्यावा, तर राजपुत्र पाचव्या प्रकरणात नायिकेला ‘तुम्ही’ म्हणतो, सहाव्यात ‘तू’, सातव्यात पुन्हा ‘तुम्ही’. मध्ये काहीच घडलेलं नसतं. प्रकरणं दोघांत वाटून अनुवाद केला, नाहीतर घाईत केला, की हे हमखास होतं. तक्रार एवढीच आहे, पण ती मनापासून आहे, कारण त्या दोन शब्दांत अख्खी प्रेमकथा असते.

उदाहरण घेऊ. होली ब्लॅक यांची ‘द क्रुएल प्रिन्स’, २०१८ सालची. ज्यूड ही माणसाची मुलगी. ती सात वर्षांची असताना मॅडॉक नावाचा सेनापती तिच्या आईबापांना मारतो आणि तिला नि तिच्या बहिणींना आपल्या अद्भुत राज्यात नेऊन वाढवतो. दहा वर्षांनी गोष्ट सुरू होते. आता ज्यूडनं मॅडॉकला काय म्हणायचं? ‘तू’ म्हणाली तर सरळ बंड. ‘तुम्ही’ म्हणाली तर त्यात भीती आली, शिस्त आली, आणि तिला स्वतःला कबूल नसलेली मायाही आली. म्हणून ‘तुम्ही’च हवं, आणि पुस्तकभर एकाच जागी ते मोडायला हवं. ती जागा अनुवादकानं आधीच हेरून ठेवायची.

मग कार्डन, राजाचा धाकटा मुलगा. तो ज्यूडला ‘तू’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी ती किडामुंगी. ती दरबारात ‘आपण’ म्हणते, कारण दुसरा मार्ग नाही. पुस्तकाच्या शेवटी वर्ष आणि एक दिवस तिची आज्ञा पाळण्याच्या वचनात तो अडकतो. इंग्रजीत सर्वनाम तेच राहतं, बदल किताबांवर आणि स्वरावर दाखवावा लागतो. मराठीत ज्यूड म्हणू शकते, ‘युवराज, उठ.’ किताब वरचा, क्रियापद खालचं. एका वाक्यात अपमानही आहे आणि जवळीकही, आणि तिला स्वतःला अजून कळलेलं नाही की यातलं जास्त काय आहे. आणि कार्डनचं ‘तू’? ते बदलायचंच नाही. पहिल्या पानावर ते तुच्छतेचं होतं, शेवटी आर्जवाचं होतं, आणि शब्द तोच राहतो. ‘उठा, युवराज’ असं कुणी छापलं, तर हे सगळं गेलं.

याच पुस्तकातली आणखी एक गंमत आपल्या भाषेला फार मानवते. तिथल्या अद्भुत लोकांना खोटं बोलताच येत नाही. म्हणून ते शब्द असे फिरवतात की समोरचा आपणहून फसतो. मराठीत यासाठी ‘म्हणे’ हे तयार हत्यार आहे. ‘ती काल आली म्हणे.’ बोलणारा खोटं बोलला का? नाही, दुसऱ्याचं सांगितलं. ‘बघू’, ‘येऊ की’, ‘होय की’ यांतही वचन दिल्यासारखं वाटतं, पण दिलेलं नसतं. आपल्या बेळगावी ‘की’मध्ये एवढी जागा आहे की खोटं न बोलता शंभर वर्षं राज्य करता येईल.

आता लिंगाचा मुद्दा. या कादंबऱ्या बहुतेक ‘मी’च्या तोंडून चालतात. इंग्रजी ‘मी’ बाई की पुरुष, हे पानभर झाकून ठेवता येतं. मराठीत ‘मी आले’ म्हटलं की झालं. रिबेका रॉस यांच्या ‘डिव्हाइन रायव्हल्स’मध्ये, ही २०२३ची, आयरिस युद्धावर गेलेल्या भावाला टाइपरायटरवर पत्रं लिहिते. पत्र कपाटाच्या दाराखाली सरकवलं की जादूनं नाहीसं होतं आणि पोचतं भलत्याच माणसाकडे. तो माणूस म्हणजे वर्तमानपत्राच्या कचेरीतला तिचा प्रतिस्पर्धी, रोमन किट. त्याला कळतं पत्र कुणाचं. तो नाव न सांगता उत्तर लिहितो, आणि ते कुणाचं हे तिला कळत नाही. पत्र लिहिणारा जितका झाकलेला, तितकी त्या पत्राची ओढ जास्त, म्हणून अनुवादकाला तो शक्य तितका झाकून ठेवायचाय. जमतं का? जमतं. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ वापरा : ‘मी पत्र वाचलं’, ‘मी दार उघडलं’. क्रियापद कर्माच्या मागं जातं, बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही. भविष्यकाळ : ‘मी लिहीन’. ‘मला वाटतं’, ‘मला राहवलं नाही’. ‘मी लिहीत आहे’ चालेल, पण ‘लिहितोय’ म्हटलं की भांडं फुटलं. ‘मी गेलो’, ‘मी झोपलो’ ही अकर्मक रूपं टाळायची. पत्रं छोटी आहेत, तेवढ्यात हे सहज निभतं.

सर्वनामांचंही इथं दुहेरी आहे. भावाला ‘तू’. पत्र भलत्याच्या हाती पडलंय हे कळल्यावर ‘तुम्ही’. मग पत्रापत्रांतून पुन्हा ‘तू’कडे. आणि त्याच वेळी कचेरीत, त्याच दोन माणसांत, आडनावानं हाक आणि बोचरं बोलणं. म्हणजे एकाच जोडीसाठी दोन वेगळ्या वाटा आखायच्या, आणि त्या कुठं मिळतात ते ठरवायचं.

मुलगा बनून वावरणारी नायिका आपल्याला या कादंबऱ्यांत पुष्कळदा भेटते. पुण्याच्या मराठीत तिला प्रत्येक क्रियापद सांभाळावं लागेल. पण आपल्या बेळगाव, चंदगड, कोल्हापूरच्या पट्ट्यात बायका सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. म्हणजे इथली पोरगी वेषांतर करून निघाली, तर तिच्या तोंडून फितुरी होणारच नाही! तिचं बिंग फुटेल ते दुसऱ्या कुणी ‘काय गे’ अशी हाक मारल्यावर. एका बोलीनं दिलेला हा प्रसंग कुणीतरी लिहावा. पुस्तकी मराठीत तो सुचणारसुद्धा नाही.

आता हे सांभाळायचं कसं, तेही सांगतो. कागदावर तक्ता आखा. आडव्या ओळीत बोलणारा, उभ्या रकान्यात ऐकणारा. ली बार्डुगो यांच्या ‘सिक्स ऑफ क्रोज’मध्ये सहा जणांची टोळी आहे, म्हणजे सहा गुणिले पाच, तीस चौकटी. काझ इनेजला काय म्हणतो ही एक चौकट, इनेज काझला काय म्हणते ही वेगळी. दोन्हींत एकच शब्द येईल असं धरून चालू नका. प्रत्येक चौकटीत तू, तुम्ही की आपण ते पेन्सिलीनं लिहा, आणि बदल होत असेल तर पानाचा आकडा. काझला कुणाच्या उघड्या कातडीचा स्पर्श सोसत नाही, तो कायम हातमोजे घालतो. त्यांच्या प्रेमाची पायरी मोज्यांवर मोजली जाते. तिथं ‘तू’ आधीपासून ठेवलेलं बरं, म्हणजे वाचकाचं लक्ष हातावर राहतं. दोन मापं एकदम वापरली की दोन्ही फिकी पडतात. आणि तक्ता झाला की त्याची प्रत मुद्रितशोधकाकडे जाऊ द्या. नाहीतर तुम्ही मुद्दाम ठेवलेलं ‘युवराज, उठ’ तो चूक समजून दुरुस्त करतो.

संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मग फलकावरच्या विषयाकडे पळतच जाऊ.

अद्भुत आपल्याला परकं नाही. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी आपल्या बेळगावात जन्मले. ते पुस्तक १८५७चं, विधवांच्या दुःखाचं. आणि चारच वर्षांनी, १८६१ला, हळब्यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ आली. मराठी कादंबरी या दोन्ही पायांवर उभी राहिली. किशोरांसाठी दुसरा पाय पुन्हा टेकवायचाय, एवढंच.

जादूचे तीन नियम आधी लिहून ठेवा : ती कुठून येते, कुठं थांबते, तिची किंमत काय. किंमत नसली की संकट येत नाही आणि गोष्ट शंभराव्या पानावर बसते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर नवस फेडायला जाणारी माणसं पाहिलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. बोललेलं फेडावं लागतं, हे त्याला ठाऊक असतं. इंग्रजीतल्या ‘फे’ला, म्हणजे ज्यूडच्या गोष्टीतल्या त्या अद्भुत लोकांना, ‘परी’ म्हणू नका. परी म्हटलं की पंख आणि छडी दिसते. आपल्याकडे आसरा या पाण्यातल्या देवता आहेत, वेताळ आहे. पण नाव उचललं की त्याचा स्वभावही उचलावा लागतो. आसरांना नुसतं सुंदर करून चालणार नाही.

जागा. मलप्रभा उगम पावते ते कणकुंबीचं रान, येळ्ळूरचा राजहंसगड, कदंबांची हलशी. इतिहासाला धरून लिहायचं तर इंग्रजांशी लढलेलं १८२४चं कित्तूर आणि संगोळ्ळी रायण्णाला १८३१ला फाशी दिलं ते नंदगड. नकाशा काढाच, पण त्यावर चालत किती दिवस लागतात तेही लिहा. घोडा एका रात्रीत खानापूरहून सौंदत्तीला नेऊन परत आणला, तर इथला वाचक लगेच धरेल.

काळ. इंग्रजीत ‘मी दार ढकलते, आत अंधार आहे’ असा वर्तमानकाळ पुस्तकभर चालतो. मराठीत दोन पानांनंतर तो नाटकाच्या रंगसूचनेसारखा वाटतो. भूतकाळात लिहा, आणि लढाईपुरता वर्तमानकाळ राखून ठेवा.

प्रेमाची कबुली. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे सोळा वर्षांच्या तोंडी बसत नाही. ‘तू आवडतोस’ बसतं. त्याहून चांगलं म्हणजे त्या जागी पहिल्यांदा ‘तू’ येऊ द्या आणि बाकी काही बोलूच नका.

मसुदा झाला की चौदा-पंधरा वर्षांच्या दोन मुलांना द्या, एक मराठी शाळेतलं, एक इंग्रजी शाळेतलं. कसं वाटलं असं विचारू नका, छान म्हणतील. जिथं वाचायचं थांबलात तिथं रेघ मारा, एवढंच सांगा.

वेळ संपली. सहा पात्रांच्या तक्त्याच्या कोऱ्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्यात. जाताना एकेक घ्या, आणि शाईनं भरू नका.