बोलत बोलत 32 किलोमीटर

(दृश्य : डिसेंबरची पहाट. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी, मधून पांदण रस्ता. हलणाऱ्या बॅटऱ्या.)

निवेदन :

यवतमाळ जिल्ह्यात पहाटे कुणी पोरगा पळताना दिसला की लोक एकच विचारतात, "भरती कधी हाय?"

प्रश्न बरोबरच आहे. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर पळायचं असतं, मुलींना 800. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण या एका धावण्याचे. म्हणून इथली पोरं पहिल्या पावलापासून जीव तोडून पळतात. दारव्हा तालुक्यातला हा रनिंग ग्रुपही भरतीसाठीच जमला होता. आता यातले काही जण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन पळणार आहेत. अंतर 42 किलोमीटर 195 मीटर. भरतीचा वेग तिथे सुरुवातीच्या दोन-तीन किलोमीटरांतच माणसाला रस्त्याच्या कडेला बसवतो.

(दृश्य : मोटरसायकलवर मेजर, मागे पाण्याची कॅन.)

हे मेजर. फौजेतून कुठल्याही हुद्द्यावरून परतलेला माणूस गावात मेजरच असतो. पोरांना पळवणं त्यांना कधीच जड गेलं नाही, पण हळू पळायला शिकवताना त्यांचा घसा बसलाय.

"हळू पय बे! कोन मांगं लागलं हाय?"

त्यांचा नियम साधा आहे : पळताना बोलता आलं पाहिजे. मग बोलायचं कशावर? कापसावर. भाव किती निघाला, सीसीआयची, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाची, नोंदणी झाली का, ओलावा किती भरला. 12 टक्क्यांच्या वर गेला की कापूस परत, हे सांगता सांगता एखाद्याचं वाक्य अर्ध्यावर तुटतं. तुटलं की मेजर हॉर्न वाजवतात. वेग कमी!

यामागे हिशेब आहे. शरीरात साठवलेली साखर साधारण 30 किलोमीटरपर्यंत पुरते. जोरात पळालं तर ती आधीच संपते आणि गाडी रिझर्व्हला लागते. हळू पळालं तर शरीर चरबीही जास्त जाळतं आणि साखर पुढच्या अंतरासाठी राहते.

(दृश्य : दुपार. कापसाची वेचणी. कमरेला ओटी बांधलेली तरुणी.)

मोबाईलवर मिळणारी मॅरेथॉनची वेळापत्रकं बहुधा दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांसाठी केलेली असतात. त्यात 'विश्रांतीचा दिवस' लिहिलेला असतो. ही ताई सकाळी 12 किलोमीटर पळाली आणि आता तिसऱ्या वेच्याला आली आहे. मजुरी किलोवर मिळते, म्हणून हात थांबत नाहीत. कंबर वाकलेली, मांडीची मागची शीर ताणलेली. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाशेजारी घुसतात. त्यावर ती चिकटपट्टी लावते, तीच पट्टी रविवारी टाचेलाही लावते.

मेजरांनी शेवटी ते छापील वेळापत्रक बाजूला ठेवलं. त्यांच्या वहीत आता पळण्याच्या रकान्याशेजारी वेचणीचाही रकाना आहे. ज्या दिवशी वेचणी जास्त, त्या दिवशी पळणं कमी. ओलिताचंही तसंच. शेतीपंपाची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रभर उभं राहावं लागतं, वर रानडुकरांची जागल. अशा रात्रीनंतर कुणी पहाटे बूट घालून आलाच, तर मेजर त्याला झोपायला परत पाठवतात. आम्हाला विचाराल तर या ग्रुपचं सगळ्यात कडक शिक्षण हेच आहे.

(दृश्य : डांबरी रस्ता. धुऱ्यावर ठेवलेल्या बाटल्या.)

शर्यतीच्या तीन आठवडे आधी सगळ्यात लांब पल्ला, 32 किलोमीटर. पांदण पायांना मऊ लागते, पण मुंबईत डांबर आहे, म्हणून हा पल्ला डांबरावर. धुऱ्याधुऱ्यावर बाटल्या : लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. खिशात खजूर आणि गूळ-शेंगदाणे. उन्हं चढली तशी कापसाची चर्चा थंडावली, पण मेजरांचा हॉर्न फारसा वाजला नाही.

यापुढे अंतर उतरत जाईल. पोरांची कुरकुर इथेच सुरू होते. शर्यत जवळ आली आणि सराव कमी? पण आता केलेल्या जादा मेहनतीचा फायदा शर्यतीच्या दिवसापर्यंत अंगात उतरतच नाही. थकवा मात्र लगेच अंगात भरतो.

मुंबईची हवा हा वेगळाच विषय. इथल्या कोरड्या थंडीत घाम आला कधी, वाळला कधी, कळत नाही. तिथल्या दमट हवेत तो अंगावरच राहतो, अंग तापतं आणि वर पेडर रोडचा चढ. म्हणून वेग आणखी थोडा कमी धरायचा, असं ठरलंय. नवे बूट घेतलेल्या एकाला ते घरीच ठेवायला सांगितलंय.

छातीवर लावायचा धावण्याचा नंबर आधी जाऊन घ्यावा लागतो, म्हणून बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसची तिकिटं काढली आहेत. गाडी सीएसएमटीला उतरवते आणि मॅरेथॉनही तिथूनच सुटते. तिकिटांचं काम झालं. आता प्रश्न उरलाय तो मागे राहणाऱ्या शेताचा. त्याच दिवसांत लाईन रात्रीची आली तर हरभऱ्याला पाणी कोण देणार? भरतीवाल्या दोन पोरांनी हात वर केलेत, आणि मेजरांनी त्यांची नावं वहीत लिहून घेतली आहेत, त्या आठवड्याच्या पळण्याच्या रकान्यावर काट मारून.