सह्याद्रीचे वय कसे ठरले

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट चढू लागले की रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीत काळ्या कातळाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. दोन काळ्या थरांच्या मध्ये अधूनमधून एक तांबडा पट्टा येतो. गाडीतून जाणाऱ्याला ती गेरूची रेघ वाटते. भूशास्त्रज्ञाला मात्र त्या रेघेत दोन उद्रेकांमधला विसावा दिसतो, कारण लाव्हारसाचा एक लोट थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत त्या कातळाने ऊनपाऊस सोसला, त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती झाली आणि पुढच्या लोटाने ती माती भाजून गाडून टाकली.

अशा थरांनी बनलेला हा प्रदेश आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर व्यापतो आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यातच येतो. पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरउतारांमुळे दख्खनच्या या प्रदेशाला ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले. स्वीडिश भाषेत ‘ट्रॅपा’ म्हणजे जिना. खडकांतील सूक्ष्म रासायनिक फरक तपासून शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील या थरांचे गट पाडले आहेत. त्यांची नावे खालून वर वाचत गेलो तर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर अशी यादी होते, आणि एसटी स्थानकावरची उद्घोषणा ऐकत असल्याचा भास होतो.

खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा नियम निकोलस स्टेनो याने सतराव्या शतकातच मांडला होता. तो क्रम सांगतो, वर्षे सांगत नाही. थराच्या जाडीवरून काळ मोजावा, तर तेही फसवे ठरते: काही मीटर जाडीचा लाव्हारस अल्पावधीत पसरू शकतो, आणि वीतभर तांबड्या मातीला हजारो वर्षे लागलेली असू शकतात.

या क्रमाला काळाचे नाव देण्याचा पहिला प्रयत्न जीवाश्मांच्या आधारे झाला. लाव्हारस स्वतः जीवाश्म जपत नाही, पण दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात त्या कातळावर तळी साचली, त्यांत गाळ बसला आणि गाळात गोगलगायी, मासे, पाने आणि फळे अडकली. या गाळाच्या थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूरजवळच्या टाकळी येथे अशाच थरांतून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जीवाश्म गोळा केले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्याचेच नाव आहे. या थरांत वारंवार भेटणारी गोड्या पाण्यातली गोगलगाय म्हणजे फायसा. तिचा शंख टोक वर धरून पाहिला, तर त्याचे तोंड डावीकडे उघडते. बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे असते, त्यामुळे दगडात अर्धवट रुतलेली फायसाही सहज ओळखू येते.

जीवाश्मांवरून काळ ठरवण्यामागचा विचार साधा आहे. एखादी जीवजाती पृथ्वीवर एकदाच अवतरते आणि लोप पावली की पुन्हा येत नाही. म्हणून दूरदूरच्या दोन खडकांत जीवाश्मांचा तोच संच सापडला, तर ते खडक साधारण एकाच काळातले मानता येतात. इंग्लंडमध्ये कालव्यांच्या मोजणीचे काम करणाऱ्या विल्यम स्मिथला हे खोदकाम पाहतापाहता उमगले होते. पण फायसासारखा डबक्यातला प्राणी स्थानिक असतो. ज्याची जोड जगात इतरत्र सापडत नाही, असा साक्षीदार काळ सांगण्यास फारसा उपयोगी पडत नाही.

म्हणूनच दख्खनच्या वयावरून दीर्घकाळ वाद चालला. डायनोसॉर अस्तित्वात असलेल्या क्रिटेशियस काळाच्या अखेरीस हा लाव्हारस वाहिला, असे एका पक्षाचे म्हणणे होते, तर तो त्यानंतरच्या तृतीय कल्पात वाहिला, असे दुसऱ्याचे. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये दुसऱ्या पक्षाची बाजू जोरकसपणे मांडली. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां आणि परिसरातल्या थरांत ताडवर्गीय झाडांचे अवशेष विपुल होते. त्यांत आज सुंदरबनात वाढणाऱ्या नीपा ताडाची फळेही होती, आणि तशी फळे युरोपात इओसीन, म्हणजे तृतीय कल्पातल्याच एका काळातील खडकांत सापडत असत.

याच्या उलट, लाव्हारसाच्या पहिल्या थरांखाली असलेल्या लॅमेटा खडकांत डायनोसॉरची हाडे आणि अंडी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे तर त्यांची अश्मीभूत विष्ठा शेतात गोट्यांसारखी पडलेली सापडते. त्या गोट्यांत गवताच्या पेशींमधले वाळूच्या कणांसारखे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि गवत डायनोसॉरनंतर उगवले ही समजूत मोडली. खडकाचे वय आधीच ठाऊक होते म्हणून गवताचा इतिहास मागे सरकला. म्हणजे साक्ष इथे उलट्या दिशेने चालली.

छिंदवाड्याच्याच झिलमिली येथील थरात पुढे समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या अतिसूक्ष्म जीवांची कवचे मिळाली. हे जीव झपाट्याने बदलतात आणि जगभरच्या समुद्रांत पसरतात, म्हणून काळ ठरवण्यासाठी त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार क्वचितच असतो. झिलमिलीतले आणि आंध्रातील राजमुंद्री येथील हे जीव डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच्या अगदी आरंभकाळातले निघाले. म्हणजे काही थर क्रिटेशियस आणि तृतीय कल्प यांमधल्या सीमेच्या अलीकडचे आहेत आणि काही पलीकडचे. माझ्या मते दोन्ही पक्षांची चूक एकच होती: सगळ्या अंतरा-ट्रॅपी थरांना ते एकच वय देऊ पाहत होते.

वर्षांचा आकडा शेवटी अणूंकडून मिळाला. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंपैकी जेमतेम एक अणू किरणोत्सर्गी असतो. अशा अणूंपैकी निम्मे सरण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात आणि त्यांतल्या काहींचे रूपांतर आर्गॉन वायूत होते. लाव्हारस वितळलेला असतो तोवर हा वायू निसटून जातो. स्फटिक तयार झाले की तो आत कोंडला जाऊ लागतो, आणि घड्याळ शून्यापासून सुरू होते. अडचण आहे ती आपल्या कातळाचीच. पावसापाण्याने झिजलेल्या बेसॉल्टमधून आर्गॉन झिरपून जातो, पोकळ्यांत मागाहून झिओलाइटचे सुंदर स्फटिक वाढतात, आणि असा नमुना तपासला तर वय चुकते. दख्खनची सुरुवातीची मापने परस्परांपासून कोट्यवधी वर्षांनी दूर गेली, ती बव्हंशी यामुळेच. आता सूक्ष्मदर्शकाखाली फेल्डस्पार या खनिजाचे निर्मळ कण वेचतात, अणुभट्टीत त्यांच्यावर न्यूट्रॉनांचा मारा करतात आणि मग ते टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्यावर निघणारा आर्गॉन मोजतात. लागोपाठच्या टप्प्यांनी तेच वय सांगितले, तरच ते स्वीकारले जाते.

दरम्यान १९८६ मध्ये व्हिन्सेंट कूर्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकत्वाची साक्ष पुढे आणली. लाव्हारस थंड होताना त्यातले लोहयुक्त कण तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात, आणि ती दिशा पृथ्वीच्या इतिहासात अनेकदा उलटली आहे. घाटातील बहुतेक थर एकाच उलट्या कालखंडातले निघाले, आणि त्या कालखंडाची लांबी सात लाख वर्षांच्या आसपास आहे. एवढा प्रचंड लाव्हारस इतक्या थोड्या काळात ओतला गेला, हे तेव्हा अनेकांना पचले नाही. हा कातळ थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हेही अशाच कणांनी सांगितले आहे.

सर्वांत बारीक मोजणी मात्र त्या तांबड्या पट्ट्यांतून आली. बेसॉल्टमध्ये झिरकॉन हे खनिज सहसा तयार होत नाही. पण दोन लोटांच्या मधल्या काळात दुसऱ्या प्रकारच्या उद्रेकांची राख या मातीवर पडली आणि तिच्याबरोबर केसाच्या जाडीचे झिरकॉनचे कण आले. झिरकॉन घडताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळपास थारा देत नाही, त्यामुळे आज त्यात सापडणारे शिसे मुख्यत्वे युरेनियमच्या क्षयाचेच असते.

२०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने दोन गटांची मापने एकत्र प्रसिद्ध केली. एका गटाने झिरकॉन मोजला होता, दुसऱ्याने आर्गॉन. मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आणि दहा लाख वर्षांच्या आत आटोपलेले, यावर दोघांचे एकमत झाले. डायनोसॉरच्या विनाशाशी जोडला जाणारा अशनी मेक्सिकोत आदळण्यापूर्वी काही दशसहस्र वर्षे उद्रेकाचा एक मोठा जोर सुरू झाला होता, असे झिरकॉनवाल्यांना दिसले. आर्गॉनवाल्यांच्या हिशेबात मात्र जवळपास तीन चतुर्थांश लाव्हारस त्या घटनेनंतरचा ठरला. डायनोसॉरच्या विनाशात दख्खनचा वाटा किती, याचे उत्तर या फरकावर अवलंबून आहे.

युरोपात इटलीतील गुब्बिओजवळ डायनोसॉरच्या अंताची ही सीमा, अशनीबरोबर आलेल्या इरिडियम या धातूने युक्त अशा मातीच्या बोटभर पट्ट्याने दाखवता येते. आपल्या घाटात तसा पट्टा बोट ठेवून दाखवता येत नाही. पोलादपूर ते महाबळेश्वर या चाळीसेक किलोमीटरच्या चढणीत ती कुठल्या वळणावर ओलांडली जाते, याबाबत दोन्ही गटांचे उत्तर अजून एक नाही.