चोपडीची तेवीस पानं

नमस्कार श्रोतेहो. मी इंदूरच्या रामबागेत राहतो, नोकरीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. माझा कॅन्सर हाडांत उतरलाय. डॉक्टरांनी हे मुलाला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. मी आत पलंगावर बसून त्याची पाठ बघत होतो. पाठीवरूनच कळलं. खरं तर मला सांगायला हवं होतं. दुखणं माझं, मग बातमी का दुसऱ्याची?

त्यानंतरचे दोन महिने मात्र आठवू नयेत असेच गेले. रात्री कूस बदलायची म्हणजे मनाची तयारी करावी लागे. घरात मॉर्फिनचं, म्हणजे अफूतून काढलेल्या वेदनाशामकाचं, नाव काढलं की बायको म्हणायची, "अहो, नशा लागेल." तिचं तरी काय चुकलं? आपल्या माळव्यात अफू म्हटलं की माणूस आधी इकडेतिकडे बघतो. त्यात अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यानं परवान्यांची अशी भानगड करून ठेवली की दुकानदारही हात लावीनात. २०१४ साली कायद्यात सुधारणा झाली, वाट जरा मोकळी झाली. मला शेवटी एका पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. दर चार तासांनी एक, घड्याळ लावून. दुखायची वाट बघायची नाही. बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबत. वेदनेपुरती मोजून घेतली तर सहसा नशेची ओढ लागत नाही, हे त्यांनी बायकोला समोर बसवून समजावलं.

पहिल्या आठवड्यात मी सलग सहा तास झोपलो. उठलो तेव्हा पोह्यांचा वास येत होता, आणि तो मला आला! दुखण्यात नाकसुद्धा बंद पडतं, हे तेव्हा कळलं.

लोक म्हणतात, देवाचे आभार माना. मानतो. पण आधी आठवतो तो मंदसौर-नीमचकडचा शेतकरी. दुपारी अफूच्या बोंडांना चिरे द्यायचे, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडायचा. नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूतून मॉर्फिन काढतात. माझी झोप कुणाच्या तरी वाकलेल्या कमरेतून आलीय.

आता वेळ मिळाला तर करायचं काय? माळ्यावर पणजोबांच्या खर्चाची मोडीतली चोपडी होती. मोडी मला वडिलांनी शिकवली. माझ्यानंतर घरात ती वाचणारं कुणी नाही. म्हणून रोज सकाळी, गोळीनंतर तासाभरानं, अर्धं पान बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवतो. मोडीत आधी ओळभर रेघ, मग हात न उचलता तिला टांगलेली अक्षरं. तूप, तांदूळ, छत्रीची दुरुस्ती. एका जागी "धाकट्या सुनेस लिंबे". बाकी कशाचं कारण लिहिलेलं नाही, याचंही नाही. पण पुढं सात महिन्यांनी सुईणीचा खर्च आहे. ती लिंबं माझ्या वडिलांची, श्रोतेहो!

एकूण एक्केचाळीस पानं आहेत. तेवीस झाली. सगळी होतील असा हट्ट मी धरलेला नाही, म्हणून नातीला शेजारी बसवतो. परवा ती एका ओळीवर अडली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. "दिनास चार आणे." रोजची मजुरी, की कुणा दीनाला दिलेले?

"आबा, काय लिहू?"

म्हटलं, दोन्ही लिही, पुढं प्रश्नचिन्ह टाक. चोविसाव्या पानावर कदाचित कळेल.