जालिंदरनगरचा पट

पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात कनेरसर हे गाव आहे आणि जालिंदरनगर ही त्या गावाची वस्ती. येथील जिल्हा परिषद शाळेच्या पटावर एके काळी अवघी ३ मुले उरली होती. एवढ्या पटाचा अर्थ वस्तीवरच्या पालकांना कोणी समजावून सांगावा लागत नाही. अशा शाळेला कधीही कुलूप लागू शकते, हे ते जाणून असतात. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या शाळेमुळे परिचित असलेले दत्तात्रय वारे गुरुजी येथे रुजू झाले आणि त्यानंतर हा पट १०० च्या पुढे गेला.

वाढलेल्या पटाकडे महाराष्ट्राने नेहमीच विश्वासाने पाहिलेले नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर सलग तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावण्यात आली होती. कागदावर नावे चढवणे सोपे असते. शेजारच्या वस्तीवरचे मूल रोज पायी येऊन वर्गात बसू लागते, तेव्हाच पट खऱ्या अर्थाने वाढतो.

जालिंदरनगरला मुले येऊ लागली त्यामागे शिकवण्याची एक वेगळी पद्धत आहे. तिला येथे ‘विषयमित्र’ म्हणतात. ज्या मुलाला एखादा विषय चांगला समजला आहे, ते मूल इतरांना तो शिकवते, आणि त्यात वयाची किंवा इयत्तेची आडकाठी नसते. एक शिक्षक आणि समोर दोन-तीन इयत्ता, या स्थितीला शिक्षण खात्याच्या भाषेत बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि बहुतेक शिक्षक तिच्याकडे अडचण म्हणूनच पाहतात. या शाळेने मात्र त्याच अडचणीतून अध्यापनाची रीत घडवली, आणि आमच्या मते तिचे खरे श्रेय हेच आहे. या रीतीची दखल देशाबाहेरही घेतली गेली. २०२५ च्या जागतिक सर्वोत्कृष्ट शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतदानातून दिला जाणारा सन्मान या शाळेला मिळाला.

अभ्यासक्रम मात्र शाळा स्वतः ठरवत नाही, तो राज्यासाठी एकच असतो, आणि गेल्या पंचवीस वर्षांत तो अनेकदा बदलला आहे. २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘बासष्ट’च्या जोडीने ‘साठ दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा घराघरांतून आणि विधिमंडळातही वाद झाले. २०२५-२६ पासून नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार पहिलीचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके बदलली. प्रत्येक बदलाबरोबर शिक्षकांची प्रशिक्षणे होतात. परंतु ‘साठ दोन’ म्हणजे काय, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला त्याच्याच बोलीत सांगणारा आठ वर्षांचा सवंगडी कोणत्याही प्रशिक्षणातून मिळत नाही.

आता प्रश्न शिक्षकसंख्येचा उरतो. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजेच शिक्षकांची पदे ठरतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन, ९० पर्यंत तीन आणि १२० पर्यंत चार शिक्षक द्यावे लागतात. म्हणजे पट ३ वरून १२० वर गेला, तरी पाच इयत्तांच्या शाळेत शिक्षक चारच असतात आणि वेळापत्रकाच्या प्रत्येक तासाला कोणती तरी एक इयत्ता शिक्षकाविना बसते. त्या तासाला फळ्यासमोर कोणी उभे राहायचे, याचे उत्तर या शाळेने पट लहान असतानाच शोधून ठेवले आहे.